खाडीचं शीड, तळ्याचा खेळ

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतले भारतीय खेळाडू कुठे घडतात, असं विचारलं तर बहुतेक वाचक मुंबई, गोवा, कोची अशी नावं घेतील. मुंबईचं नाव चुकीचं नाही. पण त्या यादीत हैदराबादचा हुसेनसागर आणि भोपाळचा बडा तलावही घालावा लागेल. दोन्ही ठिकाणांहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आणि जिथे घराच्या पायरीवरून डोलकाठी दिसायची, त्या आमच्या दिघीचं नाव या खेळात कुणी ऐकलेलं नाही. मी दिघीचा. आयुष्याची बरीच वर्षं या शर्यतींत काढली, म्हणून हे कोडं मला इतरांपेक्षा जरा जास्त टोचतं.

दिघी म्हणजे श्रीवर्धन तालुक्याचं उत्तर टोक. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा आणि राजपुरी, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. माझे वडील शिडाच्या होडीतून माल आणि माणसं ने-आण करीत. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा बाहेर जायला आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा परतायला, असा त्यांचा दिवस वाऱ्यानेच आखलेला. पाणी काळसर सुरकुतलं की झोत येतोय, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. यात माझं कौतुक काही नाही. गावातल्या प्रत्येक पोराला ते कळत होतं.

सतराव्या वर्षी, १९७६ साली, मी नौदलात खलाशी म्हणून भरती झालो. मुंबईला आलो आणि गेटवेसमोरच्या पाण्यात प्रथमच 'एंटरप्राइज' पाहिली. चार मीटर लांबीची, निळ्या शिडांची, दोन माणसांची होडी. जॅक होल्ट या इंग्रजाने १९५६ साली आखलेली. आमच्या होडीला एक तिरक्या काठीचं शीड. हिला पुढे-मागे दोन. आमच्याकडे वाऱ्याचा जोर वाढला की वाऱ्याच्या अंगाला वाळूची पोती सरकवत. इथे माणसानेच पोतं व्हायचं, काठावर बसून पाठ पाण्याबाहेर झोकून द्यायची. पहिल्या आठवड्यात पोटाचे स्नायू असे धरले, की हसताही येईना.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरकी न्यायची, मग बाजू बदलायची, असं नागमोडी चढायचं. शर्यतीचा निम्मा निकाल तिथेच लागतो. गुणांचा हिशेब आपल्या परीक्षेच्या उलटा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. अखेरीस ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की पाण्यावर शिट्टी फुंकणारा पंच जवळ असेलच असं नाही. वारा उजव्या अंगावर घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. दिली नाही, तर आपली आपण होडी दोनदा गोल फिरवायची. मधल्या बोयाला अंग लागलं, तर एकदा. ती शिक्षा आपली आपणच घ्यायची. क्रिकेट पाहून वाढलेल्यांना हे सांगून खरं वाटत नाही.

एक शर्यत सांगतो. सुकाणूवर एक तरुण अधिकारी, पुढच्या शिडावर मी. उधाणाची ओहोटी लागलेली आणि बोया प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. सगळा तांडा खोल पाण्यात गेला, कारण तिथे वारा मोकळा होता. मी म्हणालो, "सर, किनाऱ्याला धरू या." उथळ पाण्यात ओढ कमी असते, हे जंजिऱ्याच्या तटाखालून जाताना शेकडो वेळा पाहिलेलं. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी सुकाणू फिरवलं. वारा निम्मा, होडी रखडतेय असं वाटत होतं. पण किनाऱ्यावरचा एकेक खांब मागे पडत होता. बाहेरच्या होड्या पाणी फाडत होत्या आणि जागच्या जागी होत्या. बोयाला आम्ही पहिले पोचलो.

वडिलांना ही शर्यत दाखवायला मी मुंबईला आणलं होतं. धक्क्यावर बसून त्यांनी सगळं नीट पाहिलं. संध्याकाळी विचारलं, "एवढं फिरून परत तिथंच यायचं? मग माल कुठं उतरवलास?"

त्यांच्या प्रश्नात या खेळाचं सगळं अर्थशास्त्र होतं. शीड ही आमच्याकडे पोटाची गोष्ट. इंजिन आलं तशी शिडं गुंडाळली गेली आणि त्यात कुणाला दु:ख करायला सवड नव्हती. खेळ मात्र आला तो दुसऱ्याच दाराने. मुंबईत यॉट क्लब १८४६ पासून आहे. पुढे सैन्यदलांनी हा खेळ जोपासला. क्लबाच्या पायऱ्या चढायला आमच्याकडे कुणाची ओळख नव्हती. अशाच एका ठिकाणी मी होडी धुऊन, शिडं वाळवून व्हरांड्यात टेकलो, तेव्हा नम्र शब्दांत उठवलं गेलं होतं. असो. सैन्यदलाच्या गणवेशाने जे दार उघडलं, ते माझ्यासारख्या अनेकांना पुरलं.

१९८२चे एशियाड दिल्लीत झाले, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात. व्यवस्थेच्या एका बोटीवर माझी नेमणूक होती. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. डोलकाठीच्या तारेला लटकून पाण्यावर आडवा झालेला माणूस मी दुर्बिणीतून पाहत होतो. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकना गेले, 'फोर-सेव्हन्टी' होडीत. लांबी ४.७० मीटर, म्हणून हे नाव. आपल्याकडच्या किती क्रीडाप्रेमींना तीन ऑलिंपिकचा हा माणूस ठाऊक आहे? १९९३-९४ चा खेलरत्न पुरस्कार होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या शिडाच्याच जोडीला मिळाला होता, हेही विसरलं गेलं.

आता तळ्यांकडे वळू. जुलैत आमच्याकडे होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, झापांखाली. मुंबईचं पाणीही खवळलेलं. नेमक्या त्याच दिवसांत हुसेनसागरावर देशभरचे खेळाडू जमतात, कारण दख्खनवर पावसाळी वारा भरपूर आणि लाट मात्र बेताची. भोपाळच्या तलावावर सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकलेली देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला रौप्यपदक जिंकलं. त्याच स्पर्धेत कांस्य मिळवणारा विष्णू सरवणन हा सैन्यातला. टोकियोत विसावा, पॅरिसला अठरावा. समुद्र जन्माने मिळावा लागत नाही, होडी, शिक्षक आणि जेवणखाण मिळावं लागतं, असा याचा साधा अर्थ मी लावतो.

निवृत्त होऊन मी दिघीला परतलो. जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या होड्या अजून दिसतात; पण त्या चालवणाऱ्यांचे केस पिकत चाललेत. २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी समूहाकडे गेलं. पोरं क्रेन चालवायला शिकू पाहतात, त्यांचं चूक नाही. माझी नात मात्र वेगळीच निघाली. अकरा वर्षांची आहे. रविवारी लहान होडीत माझ्याबरोबर येते आणि झोत दिसला की मी सांगायच्या आत शिडाची दोरी सैल सोडते. लहानांची 'ऑप्टिमिस्ट' होडी पंधरा वर्षांपर्यंतच चालते, म्हणजे तिच्या हाती चार वर्षं आहेत. 'फोर-सेव्हन्टी' आता पॅरिसपासून स्त्री-पुरुष जोडीची झाली आहे, हे मी तिला सांगितलंय.

अडचण घरात आहे. सून म्हणते, "मामंजी, मुंबईत तिला ठेवायची कुणाकडे? आणि शाळेचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुंबईच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज मी आणून ठेवलाय, कपाटात, तिला दिसेल असा. परीक्षा होऊ द्या, मग बघू, एवढं सुनेने कबूल केलंय. परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपते.