शेवटचा दिवस पाण्याबाहेर

मालदीवच्या सहलीचा बेत साधारण असा आखला जातो : पहिल्या दिवशी विश्रांती, मग किनारा, बोटीची फेरी, थोडी खरेदी; आणि सगळ्यात थरारक गोष्ट, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवलेली. सकाळी प्रवाळांमध्ये, संध्याकाळी मुंबईच्या विमानात. शरीराच्या दृष्टीने मात्र हा क्रम धोक्याचा आहे.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी त्याचा आपल्याला त्रास नाही. पण पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो; २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. तिथे सिलिंडरमधून मिळणारी हवाही तेवढ्याच दाबाची असते. त्यामुळे रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. पण पूर्ण निचरा व्हायला बरेच तास लागतात.

त्याआधीच विमानात बसले तर? विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी असू शकतो. म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कमी. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताच बुडबुडे उसळतात, तसे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे शरीरात तयार होऊ शकतात. या विकाराला ‘डीकम्प्रेशन सिकनेस’ म्हणतात. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, त्वचेवर चट्टे, चक्कर, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. गंभीर प्रकारात हातपाय लुळे पडू शकतात. अनेकदा हा प्रवासाचा शीण समजून दुर्लक्ष केले जाते. खरे तर रुग्णाला लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि पुढे विशेष दाबकक्षातील उपचार लागतात.

टाळण्याचा उपाय सोपा आहे. साध्या एका डाइव्हनंतर उड्डाणापूर्वी किमान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास थांबावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. सुटीच्या बेतात पूर्ण २४ तास धरले की हिशेबच करावा लागत नाही. मालदीवमध्ये आणखी एक मेख आहे. दूरच्या बेटांवरून राजधानी मालेजवळच्या विमानतळावर अनेकदा सी-प्लेनने यावे लागते. तेही उड्डाणच, त्यामुळे तास मोजायचे ते सी-प्लेनपासून, मुंबईच्या विमानापासून नव्हे.

निघण्यापूर्वीही थोडी तयारी हवी. दमा, हृदयविकार, फिट्स येणे किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; गरोदरपणात डायव्हिंग करू नये. सर्दीने नाक चोंदले असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. प्रवास विम्यात डायव्हिंगचा समावेश आहे का, हे वाचून पाहावे. मोठी रुग्णालये मुख्यतः मालेच्या परिसरात आहेत आणि सी-प्लेन रात्री उडत नाहीत. म्हणून नेहमीची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. मालदीव २०१५मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला असला, तरी डेंग्यू तिथे आहे. दिवसाही डास टाळावेत आणि परतल्यावर ताप आला तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

मग शेवटच्या दिवशी करायचे काय? स्नॉर्केलिंग करता येईल. त्यात पृष्ठभागावर तरंगत साधीच हवा घेतली जाते, त्यामुळे विमानाची चिंता नाही. फक्त अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हवा. विषुववृत्ताजवळच्या उन्हात, पाण्यात डोके घालून मासे पाहता पाहता पाठ कधी भाजून निघते ते कळतही नाही.