चोरटा चित्रपट आणि कामगाराचा रोज

मोबाईलवर फुकट आलेला चित्रपट पाहण्यात चोरी कसली, असे डोंगरकड्यात आम्हांला पुष्कळ जण विचारतात. हळदीचे पोते चोरीला गेले तर वखारीत जागा रिकामी दिसते. चित्रपटाची नक्कल केली तरी मूळ चित्रपट जागच्या जागी राहतो. मग गेले कोणाचे? आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, म्हणून आम्ही उत्तर रोजाच्या बाजूने देतो.

चित्रपट म्हणजे केवळ नटनट्या नव्हेत. दिवे वाहणारे, सुतार, शिंपी, रंगभूषाकार, गाडीवाले अशा अनेक हातांचे ते काम असते. यांतील पुष्कळांचे पोट रोजावर. झालेल्या कामाचा रोज त्यांना मिळालेला असतो, हे खरे. परंतु पुढचा रोज कोठून यायचा? तिकिटांतून भांडवल परत आले तरच निर्माता दुसरे काम काढतो. ते बुडाले की दिवेवाला घरी बसतो.

कोणी म्हणेल, २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या चोरट्या प्रती फिरल्या, तरी त्याने विक्रमी कमाई केलीच ना? केली. पण शेळ्यांनी पाला खाल्ला म्हणून वड मरत नाही, रोप मरते. थोड्या भांडवलाच्या मराठी चित्रपटाला पहिल्या आठवड्याची तिकिटेच तारतात.

शिवाय चोरही धर्म करीत नाही. सट्ट्याच्या जाहिरातींवर तो पैसा मिळवतो. ईवाय व आयएएमएआय यांच्या अहवालाने २०२३ सालची या धंद्याची उलाढाल २२,४०० कोटी रुपये धरली आहे. त्यातून कामगाराच्या हाती छदामही पडत नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने या गुन्ह्याला ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला. मात्र नुसत्या धाकाने भागणार नाही. जेथे चित्रपटगृह जवळ नाही, तेथे 'तिकीट काढा' म्हणणे सोपे, काढणे अवघड. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. आज गावच्या मंडळांनी निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यावी, माफक तिकीट लावावे आणि चित्रपट गावात आणावा. हळदीला भाव मागणाऱ्या आपण मंडळींनी दुसऱ्याच्या घामाचाही भाव दिला पाहिजे.