मंगळाच्या आकाशातली पृथ्वी

२७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. गेल्या साठएक हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. रात्रभर तो तांबूस तेजानं झळकत होता आणि ज्यांच्या हाताशी दुर्बीण होती, त्यांनी त्याच्या दक्षिण ध्रुवावरचा बर्फाचा पांढरा ठिपकाही पाहून घेतला. त्या रात्री मंगळावर कुणी उभं असतं, तर त्याला मात्र पृथ्वी दिसलीच नसती. ती सूर्याच्याच दिशेला होती आणि तिची अंधारी बाजू मंगळाकडे होती. आपल्याला मंगळ सर्वांत ठसठशीत दिसतो, नेमकी तेव्हाच मंगळावर पृथ्वीची अमावास्या असते.

रात्री पेटलेल्या दीपमाळेभोवती दोघे जण प्रदक्षिणा घालताहेत असं समजा. आतला झपाझप चालतोय, बाहेरचा सावकाश. आतल्यानं बाहेर नजर टाकली की बाहेरच्याची उजळलेली बाजूच त्याला दिसते. बाहेरच्याला मात्र, आतला दीपमाळेच्या अलीकडे आला की त्याची काळोखी पाठ दिसते. तो बाजूला सरकला की अर्धा उजळलेला दिसतो आणि पलीकडे गेला की पुरता उजळलेला. पृथ्वी ३६५ दिवसांत सूर्याची फेरी पुरी करते, मंगळाला ६८७ दिवस लागतात. त्यामुळे साधारण दर ७८० दिवसांनी पृथ्वी मंगळाला आतून गाठते आणि मागे टाकते. मंगळाची कोर आपल्याला कधीच दिसत नाही. त्याच्या बिंबाचा निदान ८४ टक्के भाग उजळलेला असतोच. मंगळावरून पृथ्वी मात्र बारीक कोरीपासून फुगीर बिंबापर्यंत सगळ्या कला दाखवते. आपल्याकडे जो मान शुक्राचा, तो तिथे पृथ्वीचा: काही महिने संध्याकाळी पश्चिमेला, काही महिने पहाटे पूर्वेला, आणि मध्यरात्री कधीच नाही. सूर्यापासून ती सरासरी ४१ अंशांच्या आसपासच दूर जाऊ शकते.

२००३-०४ मधली अशी एक फेरी आपल्या यानांनी तिथून टिपली आहे. ८ मे २००३ रोजी, म्हणजे मंगळ जवळ येण्याच्या साडेतीन महिने आधी, ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं १३ कोटी ९० लाख किलोमीटरवरून पृथ्वीचं छायाचित्र घेतलं. पृथ्वी जेमतेम अर्धी उजळलेली आहे. उजेडाच्या भागात उत्तर अमेरिकेवरचे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचे ढग पांढरेफटक उठून दिसतात, मधला समुद्र गडद. शेजारी चंद्र, तोही अर्धाच, आणि त्याच बाजूनं उजळलेला. आपल्या अंगणातून पाहताना चंद्राच्या कला त्याच्या एकट्याच्या वाटतात. मंगळावरून पृथ्वी आणि चंद्र यांची कला जवळपास एकच असते. छायाचित्रात चंद्र दिसावा म्हणून त्याचा उजळपणा वाढवावा लागला, कारण त्याची जमीन काळपट आहे आणि ढगांनी मढलेल्या पृथ्वीच्या मानानं तो फारच कमी प्रकाश परतवतो.

ऑगस्टमध्ये पृथ्वी मंगळाच्या संध्याकाळच्या आकाशातून नाहीशी झाली आणि सूर्याच्या दुसऱ्या बाजूनं पहाटेच्या आकाशात आली. ७ मार्च २००४ रोजी ‘स्पिरिट’ या बग्गीनं सूर्योदयापूर्वी तासभर क्षितिजाचं चित्र घेतलं. उजळू लागलेल्या आकाशात एक ठिपका आहे, ती पृथ्वी. चंद्राच्या पलीकडच्या एखाद्या ग्रहाच्या जमिनीवरून पृथ्वी टिपली गेली ती तेव्हा पहिल्यांदाच. त्याच वर्षी सप्टेंबरात ती सूर्याच्या मागे गेली. म्हणजे मंगळावरची पृथ्वीची पौर्णिमा, पण पाहायला मिळत नाही ती. सूर्य आड आला की संदेशांत बिघाड होऊ शकतो, म्हणून अशा काळात साधारण दोन आठवडे मंगळावरच्या बग्ग्यांना नव्या आज्ञा पाठवणं थांबवलं जातं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र चंद्राची गोष्ट. ३१ जानेवारी २०१४ रोजी ‘क्युरिऑसिटी’ या बग्गीनं सूर्यास्तानंतर ८० मिनिटांनी, १६ कोटी किलोमीटरवरून, पृथ्वी आणि चंद्र एकत्र टिपले. नासाच्या म्हणण्यानुसार साधारण नजरेच्या माणसालाही तिथून ते दोन वेगळे तारे म्हणून सहज दिसले असते. रोज संध्याकाळी पाहत राहिलं तर लहान तारा मोठ्याच्या एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकताना दिसेल. पृथ्वी फिरत असेल तर चंद्र तिच्यामागे कसा राहील, तो मागे का पडत नाही, हा प्रश्न आपल्याकडे विद्वानांना बराच काळ अडवत होता. त्याचं उत्तर गॅलिलिओच्या दुर्बिणीला १६१० मध्ये गुरूच्या चंद्रांनी दिलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शुक्राच्या कलांनी तो सूर्याभोवती फिरतो हे दाखवलं. मंगळावर कुणी असतं, तर स्वतः फिरणाऱ्या ग्रहाभोवती दुसरं काही फिरू शकतं हे त्याला नुसत्या डोळ्यांनी कळलं असतं. कला पाहायला दुर्बीण त्यालाही लागली असती. पण आपला ग्रहही फिरत असेल, ही पहिली शंका त्याच्या मनात कितीतरी आधी आली असती, असं मला वाटतं.

पृथ्वी सूर्याच्या दिशेला येते तेव्हा बहुतेक वेळा ती सूर्यबिंबाच्या थोडी वरून किंवा खालून निघून जाते, कारण दोन्ही ग्रहांच्या कक्षा एकमेकींशी किंचित कललेल्या आहेत. क्वचित ती बिंबावरूनच जाते. २००४ आणि २०१२ मध्ये आपण शुक्राचं अधिक्रमण पाहिलं, तसंच हे. ११ मे १९८४ रोजी असं एक पृथ्वीचं अधिक्रमण झालं. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९७१ मध्येच त्यावर कथा लिहून मंगळावर एक माणूस ते पाहायला बसवला होता. प्रत्यक्षात तिथे उतरलेलं ‘व्हायकिंग १’ नोव्हेंबर १९८२ मध्येच गप्प झालं होतं, त्यामुळे ते कुणी पाहिलं नाही. पुढचं १० नोव्हेंबर २०८४ रोजी आहे. त्या दिवशी सूर्यबिंबावरून दोन काळे ठिपके जातील, एक पृथ्वीचा आणि एक त्याहून बराच लहान, चंद्राचा.