होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब : हौशी मंडळींची सभा चालवण्याची रीत

होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७५ साली सुरू झालेले हौशी संगणककारांचे मंडळ होय. ‘ॲपल’सह अनेक कंपन्यांची मुळे या मंडळात असल्यामुळे त्याचा उल्लेख बहुधा उद्योगाच्या इतिहासात येतो. या मंडळाच्या बैठकांची रचना मात्र स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. सभासदत्वाची कडक अट नाही, वर्गणीची सक्ती नाही, सभागृहात शेकडो माणसे आणि त्यांत नवखे व तज्ज्ञ शेजारी शेजारी बसलेले, अशा स्थितीतही हे मंडळ १९८६ पर्यंत चालले.

मंडळाच्या स्थापनेला निमित्त झाले ते ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर ते झळकले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीची ‘मिट्स’ ही कंपनी ते सुट्या भागांच्या संचाच्या रूपात चारशे डॉलरांच्या आत विकत होती. खरेदीदाराने डाख देऊन ते स्वतः जोडायचे. मूळ यंत्राला पडदा नव्हता आणि कळफलकही नव्हता. स्मृती होती अवघी २५६ बाइटची. समोरच्या पट्टीवरचे स्विच वरखाली करून एकेक आज्ञा भरायची आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून वाचायचे. असे यंत्र घरी एकट्याने चालते करणे अवघड होते. एखादा जोड कच्चा राहिला किंवा एखादा स्विच चुकला, तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न प्रत्येकापुढे होता.

फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच यांनी पत्रके लावून अशा लोकांना बोलावले. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथील फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये पहिली बैठक झाली. पावसाची रात्र असूनही ३२ जण आले. सगळे गोल करून बसले आणि प्रत्येकाने आपली ओळख करून दिली. घरच्या संगणकाचा उपयोग तरी काय, यावर मजकूर लिहिण्यापासून खेळ आणि घरातील उपकरणांच्या नियंत्रणापर्यंत नाना कल्पना निघाल्या. मूर हे शांतता चळवळीतले कार्यकर्ते होते. संगणकाचा समाजाला काय उपयोग होईल, याची त्यांना ओढ होती. जमलेल्यांपैकी बहुतेकांना मात्र यंत्र आतून कसे चालते हेच जाणून घ्यायचे होते. पुढे मंडळाने हाच दुसरा कल धरला.

गोलात बसून ओळख करून देणे तीस माणसांपुरते ठीक असते. बैठका दर पंधरवड्याला होऊ लागल्या आणि गर्दी वाढली, तशी जागा बदलत गेली. अखेर मंडळ स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राच्या सभागृहात स्थिरावले. समोर मंच आणि चढत्या पायऱ्यांवर खुर्च्या अशा ठिकाणी दोन धोके संभवतात. एक म्हणजे मंचावरचे दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे नुसते ऐकून घरी जातात. दुसरा म्हणजे एखादा प्रश्न निघाला की दोन जाणकार त्याच्या तपशिलात शिरतात आणि उरलेल्यांचा वेळ त्यात जातो.

या दोन्हींवर तोड काढली ती सूत्रसंचालक ली फेल्सेन्स्टाइन यांनी. ते व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता. बर्कली येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रकल्पात त्यांचा सहभाग होता. तिथे दुकानात ठेवलेल्या टर्मिनलवर कोणीही येऊन आपल्याजवळ काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे हे नोंदवू शकत असे. होमब्र्यूच्या बैठकीत हेच काम त्यांनी तोंडी करून घेतले. त्यांनी बैठकीचे दोन मुख्य भाग पाडले आणि दोहोंना तांत्रिक नावे दिली : ‘मॅपिंग’ आणि ‘रँडम ॲक्सेस’.

मॅपिंग म्हणजे नकाशा काढणे. हातात लांब छडी घेऊन फेल्सेन्स्टाइन समोर उभे राहत. ज्याने हात वर केला त्याच्याकडे ते छडी रोखत. त्या माणसाने थोडक्यात सांगायचे : आपण कोण, काय करत आहोत, काय अडले आहे, कोणता सुटा भाग देण्याजोगा आहे, कोणत्या नव्या चिपची बातमी कानावर आली आहे. उत्तर ठाऊक असलेल्यांनी हात वर करायचे. उत्तराची चर्चा मात्र तिथे करायची नाही. अडलेल्याला सोडवणारा माणूस खोलीत कोणत्या बाजूला बसला आहे एवढे कळले, की छडी पुढच्या हाताकडे वळे. त्यामुळे थोड्या वेळात पुष्कळ माणसांचे बोलून होई आणि कोणाला काय येते याचा आराखडा सर्वांच्या मनात तयार होई.

मधल्या वेळात ठरवलेले एखादे प्रात्यक्षिक किंवा नव्या उपकरणाची माहिती असे. त्यानंतर रँडम ॲक्सेसचा भाग सुरू होई. हे नाव संगणकाच्या स्मृतीवरून घेतलेले आहे. कागदी फितीवरची नोंद वाचायची तर फीत सुरुवातीपासून सरकवावी लागते. रँडम ॲक्सेस स्मृतीत हव्या त्या कप्प्याला थेट हात घालता येतो. सभेतही तसेच घडे. लोक जागा सोडून उठत आणि आधी हेरून ठेवलेल्या माणसाला गाठत. कोपऱ्याकोपऱ्यांत घोळके जमत, आकृत्या हातोहात फिरत, सुट्या भागांची देवघेव होई. या भागावर संचालकाचे कसलेही नियंत्रण नसे. पहिल्या भागात शिस्त पाळलेली असल्यामुळे दुसऱ्या भागाला शिस्तीची गरज उरत नसे. सभागृह बंद झाल्यावर अनेक जण जवळच्या ‘ओएसिस’ या बिअरच्या दुकानात जाऊन तीच बोलणी पुढे चालवत.

या रचनेचा मोठा लाभ अबोल माणसांना झाला. स्टीव्ह वॉझ्नियॅक पहिल्या बैठकीपासून येत असत, पण भरसभेत उठून बोलण्याचा त्यांना संकोच वाटे. सभा संपल्यावर ते आपला संगणक मांडून बसत आणि लोक आपोआप भोवती जमत. त्याच्या आकृत्या ते मागेल त्याला देत. १९७६ मध्ये ‘ॲपल १’ म्हणून विक्रीला आलेले यंत्र ते हेच. सभा केवळ व्याख्यानांची असती, तर वॉझ्नियॅक शेवटच्या रांगेत बसून राहिले असते.

वादापेक्षा चालते यंत्र दाखवावे, हा संकेतही मंडळात लवकर रुजला. एप्रिल १९७५ च्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअरशेजारी साधा रेडिओ ठेवला आणि स्विचने प्रोग्रॅम भरला. यंत्राच्या विद्युत लहरींमुळे रेडिओत होणारी खरखर त्यांनी सुरांत बसवली होती. रेडिओवर ‘बीटल्स’च्या गाण्याची चाल वाजली, तेव्हा अल्टेअर काही उपयोगाचे आहे का ही शंका सभेपुरती मिटली.

बैठकीत बोललेले हवेत विरू नये म्हणून बातमीपत्र होते. पहिला अंक मूर यांनी मार्च १९७५ मध्येच काढला. नंतर ते काम रॉबर्ट रायलिंग यांच्याकडे आले. बैठकीला न आलेल्यांना त्यातून काय घडले ते कळे. मतभेदांनाही तिथे जागा मिळे. अल्टेअरसाठी लिहिलेल्या ‘बेसिक’ भाषेच्या फितीच्या प्रती सभासदांत फुकट वाटल्या गेल्या, तेव्हा तिचे एक कर्ते बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून खरमरीत खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, अशी त्यांची तक्रार होती. हे पत्र मंडळाच्या बातमीपत्रातही छापले गेले.

या रीतीची मर्यादा तिच्या यशातच होती. आपल्याजवळ काय आहे हे प्रत्येकाने मोकळेपणाने सांगितले, तरच मॅपिंगचा नकाशा खरा ठरतो. सभासदांपैकी काहींनी प्रोसेसर टेक्नॉलॉजी, क्रोमेम्को, ॲपल यांसारख्या कंपन्या काढल्या किंवा त्यांत ते कामाला लागले. कालपर्यंत उघड सांगितलेल्या युक्तीला आज व्यापारी किंमत आली आणि हात वर करण्यापूर्वी लोक विचार करू लागले. दुसरीकडे तयार संगणक दुकानात मिळू लागले, त्यांच्यासोबत माहितीपुस्तिका येऊ लागल्या आणि डाख देणाऱ्याला शेजाऱ्याची जी गरज होती ती ओसरली. डिसेंबर १९८६ मध्ये मंडळाच्या बैठका थांबल्या.