काचबिंदू: आजार डोळ्याचा, खूण रक्तात?

महूपासून इंदूरपर्यंत कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा, असे रुग्ण त्यांनी पाहिलेले असतात: थेंब रोज वेळेवर घालतात, डोळ्यातला दाब आटोक्यात आहे, तरी नजरेचा परीघ आकसतच चालला आहे. काहींचा दाब तर पहिल्यापासून पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या आत असतो. दाब हेच एकमेव कारण असते तर असे घडले नसते. म्हणूनच गेल्या पंचवीस वर्षांत संशोधक काचबिंदूकडे मज्जापेशी झिजवणारा आजार म्हणून पाहू लागले आहेत. अल्झायमर आणि पार्किन्सन याच कुळातले.

या मताला शरीररचनेचा भक्कम आधार आहे. दृष्टिपटलातल्या गँग्लियन पेशींचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते. ती मेंदूचाच भाग. तिचे मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. टोरांटोचे येनी युसेल आणि नीरू गुप्ता यांनी 2000 साली माकडांत दाखवले, की डोळ्यातला दाब वाढला की मेंदूतल्या दृष्टिकेंद्राच्या पेशीही झडतात. 2006 मध्ये काचबिंदूच्या एका रुग्णाच्या मेंदूतही, अगदी दृष्टीच्या बाह्यकापर्यंत, ही झीज आढळली.

सर्वांत बोलका पुरावा मात्र एका प्रथिनाने दिला. 2002 साली अमेरिकेत मन्सूर सरफराझी यांच्या गटाला काचबिंदूच्या काही कुटुंबांत एका जनुकात दोष सापडला. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव ऑप्टिन्युरिन. 2010 मध्ये जपानी संशोधकांना याच जनुकातले दोष एएलएस या, स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी मारणाऱ्या आजारातही आढळले. पेशीला ऊर्जा पुरवणारे, पण निकामी झालेले मायटोकाँड्रिया ओळखून त्यांची विल्हेवाट लावण्यात ऑप्टिन्युरिनचा हात असतो. ते बिघडले की मज्जापेशीत कचरा साचतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत घनश्याम स्वरूप यांच्या गटाने या प्रथिनावर अनेक वर्षे काम केले. या जनुकातला ई50के हा दोष पेशीत लोह आणणाऱ्या ग्राहकाची ये-जा बिघडवतो, तर एम98के या बदलामुळे दृष्टिपटलाच्या पेशी स्वतःलाच पचवून मरतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले.

मग या आजाराची खूण रक्तात कशासाठी शोधायची? जिवंत माणसाच्या दृष्टिचेतेचा तुकडा काढून तपासता येत नाही. रक्त मात्र दंडातून सहज मिळते. लाल पेशींत मायटोकाँड्रिया नसतात, पांढऱ्या पेशींत असतात, आणि त्यांची जनुके मज्जापेशींसारखीच असतात. लंडनच्या संशोधकांनी 2024 मध्ये काचबिंदूच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी किती प्राणवायू वापरतात ते मोजले. ज्यांच्या पेशींचा वापर कमी, त्यांची नजर दाबावर उपचार चालू असतानाही जास्त वेगाने घटत होती. या पेशींत ऊर्जानिर्मितीला लागणारे एनएडी हे रसायनही निरोगी माणसांपेक्षा कमी होते.

दुसरा धागा प्रतिकारशक्तीचा. 2018 मध्ये बोस्टनच्या गटाने दाखवले, की उंदरांच्या डोळ्यातला दाब वाढला की रक्तातल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, दृष्टिपटलात शिरतात आणि तिथल्या उष्माघात प्रथिनांवर हल्ला करतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत दृष्टिपटलाची अशी झीज झाली नाही, म्हणजे या टी पेशींना जंतूंनीच आधी सज्ज केलेले असते. काचबिंदूच्या रुग्णांच्या रक्तातही अशा टी पेशी वाढलेल्या आढळल्या.

आपल्या मध्य भारताचाही या विचारात वाटा आहे. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी तिशीपुढच्या 4,711 जणांची तपासणी केली. ती ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ म्हणून ओळखली जाते. दृष्टिचेता ज्या चाळणीवजा पडद्यातून बाहेर पडते, त्याच्या एका बाजूला डोळ्यातला दाब आणि दुसऱ्या बाजूला मेंदूच्या द्रवाचा. या दोहोंतल्या अंदाजित फरकाशी काचबिंदूच्या ‘खुला कोन’ या प्रकाराचे नाते त्यांना दिसले. मेंदूच्या द्रवाच्या दाबाचा अंदाज त्यांनी रक्तदाब, वजन-उंची आणि वय यांवरून बांधला होता. डोळ्याचा आजार समजायला संपूर्ण माणूस तपासावा लागतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्यांनी जगाला दाखवले.

पण साम्य दिसले म्हणजे औषध सापडले असे नव्हे. अल्झायमरवर दिले जाणारे मेमँटिन काचबिंदूवर चार वर्षे वापरून पाहिले गेले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा उपयोग दिसला नाही. आज दाब कमी करणे हाच सिद्ध झालेला उपाय आहे. रक्ताची तपासणी अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. तिच्यावरून कोणाला काचबिंदू आहे किंवा नाही हे ठरवता येत नाही.

तरी अशा तपासणीची गरज खरी आहे. नजरेच्या परिघाच्या तपासणीत दोष उमटेपर्यंत साधारण 25 ते 35 टक्के गँग्लियन पेशी गेलेल्या असतात. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू असल्याचा 2010 मधला अंदाज आहे, आणि लोकवस्तीतल्या पाहण्यांत दहापैकी नऊ रुग्णांना आपल्या आजाराचा पत्ताच नसतो. अभ्यासाची साधने तर जवळच आहेत: महू तहसिलीतल्या सिमरोलला आयआयटी इंदूर आहे, तिथे जैवविज्ञान आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभाग आहे. इंदुरात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रयोगशाळा आणि रुग्ण एकाच जिल्ह्यात आहेत. माळव्यातल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींचा अभ्यास इथेच व्हायला हवा, कारण लंडन-बोस्टनच्या रक्तावर काढलेले निष्कर्ष आपल्या माणसांना लागू पडतात का, हे आपल्याच रक्तावर तपासावे लागेल.

तोवर वाचकांनी एवढे करावे. चाळिशी ओलांडली की केवळ चष्म्याचा नंबर काढून परतू नये. डोळ्यातला दाब आणि दृष्टिचेता दोन्ही तपासून घ्यावे. आई-वडील किंवा भावंडांत कोणाला काचबिंदू असेल तर आणखी आधी जावे. आणि थेंब सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.