ऑटोमॅटिक कार झटके देते, अ‍ॅव्हरेजही घटले? गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी हे तपासा

सिग्नल सुटल्यावर पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडी झटका देते. टाकीही पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते. ही तक्रार घेऊन गेल्यावर ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ असे ऐकले, की मालकाच्या पोटात गोळा येतो. मात्र अनेकदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि दुरुस्ती बरीच स्वस्तात होते.

गाडी कोणत्या प्रकारची?

भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओमुळे एएमटी कमी किमतीच्या गाड्यांत आली. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअरचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे हलका झटका हा तिचा स्वभाव आहे, पण तो अचानक वाढला तर तपासणी हवी. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी गाडीत ठळक झटका बसणे हा इशारा समजावा.

एएमटीमध्ये काय बिघडते?

क्लच झिजला की तो पकडण्याची जागा बदलते. अशा वेळी स्कॅनर जोडून क्लचचे ‘लर्निंग’ पुन्हा करून पाहता येते. क्लच फारच झिजला असेल तर तो बदलावा लागतो. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रोखून धरण्याची सवय क्लच जाळते.

तेलाचे काय?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल कमी झाले किंवा जुने झाले, तर गिअर उशिरा पडतो. तेल काळे पडून जळका वास येत असेल, तर आत झीज सुरू आहे. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच हवे. सीव्हीटीत साधे एटीएफ टाकल्यास मोठे नुकसान होऊ शकते.

झटका आणि अ‍ॅव्हरेज, कारण एकच?

खराब स्पार्क प्लगमुळे इंजिन मिसफायर होते, इंधन वाया जाते आणि तो धक्का गिअरचा वाटतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन थंडच राहते. अनेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक-अपही लागत नाही. हायवेवर स्थिर वेगात आरपीएम नेहमीपेक्षा जास्त दिसत असेल, तर ही शंका घ्यावी. टायरमधील कमी हवा आणि चिकटणारे ब्रेकही अ‍ॅव्हरेज खातात.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

स्कॅनरवर कोणते कोड आले? तेलाची पातळी आणि रंग पाहिला का? इंजिन माउंटिंग तपासले का? लर्निंग केले का? ही उत्तरे मिळाल्याशिवाय गिअरबॉक्स उघडण्यास होकार देऊ नये.

गाडी कधी चालवू नये?

गिअरबॉक्सचा दिवा लागला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली किंवा ‘डी’ टाकूनही हलली नाही, तर ती पुढे रेटू नये. दोरीने ओढण्याऐवजी फ्लॅटबेडवरून न्यावी. अन्यथा थोडक्यात सुटणारा दोष खरोखरच गिअरबॉक्सपर्यंत पोहोचेल.