आईवडिलांसाठी सेकंडहँड गाडी : मॉन्ट्रियलमध्ये नावापेक्षा हकीकत महत्त्वाची

मॉन्ट्रियलला मुलांकडे राहण्यास आलेल्या आईवडिलांचा उन्हाळा बरा जातो. सायंकाळी पायी फेरफटका होतो, ओळखी होतात. डिसेंबर उजाडला की चित्र पालटते. ब्रोसार, पियरफाँ किंवा डोलार-देझोर्मो यांसारख्या उपनगरांत बसथांब्यापर्यंतचे दहा मिनिटांचे अंतरही बर्फामुळे धोक्याचे होते आणि मुले कामावर गेली की दिवस चार भिंतींत सरतो. अशा वेळी वडिलांच्या किंवा आईच्या हाती असलेली लहानशी गाडी ही चैन नसते. दवाखाना, मंदिर, भाजीबाजार यांसाठी कोणाची वाट पाहावी लागू नये, एवढेच तिचे प्रयोजन असते.

ही गाडी निवडताना मुलांकडून सहसा दोन चुका होतात. प्रेमापोटी गरजेपेक्षा मोठी गाडी घेतली जाते, किंवा एखाद्या कंपनीच्या नावावर विसंबून तपासणी टाळली जाते. कंपनीच्या लौकिकाला अर्थ आहे, पण सात-आठ हिवाळे काढलेल्या गाडीच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. ती कोठे फिरली, कोणी सांभाळली आणि तिच्या तळाला किती गंज चढला, हे अधिक महत्त्वाचे असते.

आधी परवाना, मग गाडी

भारतीय परवान्यावर क्वेबेकमध्ये साधारणपणे पहिले सहा महिनेच गाडी चालवता येते. परवान्याच्या थेट अदलाबदलीचा क्वेबेकचा करार भारताशी नाही. त्यामुळे त्यापुढे एसएएक्यू, म्हणजे क्वेबेकच्या वाहन विमा महामंडळाची लेखी व प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. सुपर व्हिसावर दीर्घकाळ राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत हा मुद्दा हमखास विसरला जातो. वयाच्या 80 व्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी वैद्यकीय व दृष्टितपासणीचा अहवालही द्यावा लागतो. म्हणून चाचणीचा निकाल हाती येण्यापूर्वी गाडीत पैसे गुंतवू नयेत. मॉन्ट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळण्यास मनाई आहे, बेटाबाहेर मात्र ते बहुतेक ठिकाणी चालते. असे बारकावे चाचणीच्या तयारीतच अंगवळणी पडतात.

विम्याची रचनाही वेगळी आहे. 1978 पासून क्वेबेकमध्ये अपघातातील शारीरिक इजेची भरपाई, दोष कोणाचा हे न पाहता, सार्वजनिक योजनेतून मिळते. क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाडीचा येथेच अपघात झाल्यास तिचा मालक, चालक व प्रवासी या योजनेसाठी रहिवासी मानले जातात. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांसाठी हा मोठा आधार आहे. इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र किमान 50,000 डॉलरचा खासगी दायित्व विमा सक्तीचा आहे. गाडी मुलाच्या नावावर असली आणि प्रत्यक्षात ती वडीलच चालवणार असले, तर ते विमा कंपनीला सांगणे आवश्यक आहे. ही माहिती दडवल्यास ऐन वेळी दावा अडचणीत येतो.

शरीराला मानवणारी गाडी

गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला फार खाली बसावे लागणारी गाडी नकोशी होते आणि फार उंच गाडीत चढणे कठीण जाते. म्हणून खरेदीपूर्वी आईवडिलांना दोन-तीन वेळा प्रत्यक्ष बसवून व उतरवून पाहावे. तेही हिवाळी कोट आणि बूट घालून. भारतात जॅझ नावाने परिचित असलेली होंडा फिट कॅनडात 2020 पर्यंत विकली गेली. तिची बैठक आणि आतली मोकळी जागा अनेक ज्येष्ठांना सोयीची वाटते. टोयोटा कोरोला, होंडा सिव्हिक आणि माझदा 3 यांचे सुटे भाग व जाणकार मेकॅनिक शहरात सहज मिळतात. उलट 2012 ते 2016 च्या फोर्ड फोकस व फिएस्टामधील दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविरुद्ध ग्राहक न्यायालयात गेले होते. स्वस्तात मिळाली तरी अशी गाडी वडिलांच्या गळ्यात घालू नये.

गाडी कोणत्या वर्षाची घ्यावी, यासाठी सुरक्षेचे नियम उपयोगी पडतात. निसरड्या रस्त्यावर गाडी भरकटू न देणारी स्थिरता नियंत्रण प्रणाली कॅनडात सप्टेंबर 2011 पासून बनलेल्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा मे 2018 पासून बंधनकारक झाला. मान वळवताना त्रास होणाऱ्या चालकासाठी हा कॅमेरा फार मोलाचा असतो. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कोरोलामध्ये 2017 च्या मॉडेलपासून सरसकट येते.

मोठ्या एसयूव्हीच्या मोहाला येथे आणखी एक बाजू आहे. होंडा सीआर-व्ही, टोयोटा हायलँडर अशा गाड्या चोरून मॉन्ट्रियल बंदरातून परदेशी पाठवण्याचे प्रकार इतके वाढले की फेब्रुवारी 2024 मध्ये ओटावात राष्ट्रीय परिषद भरवावी लागली. अशा गाड्यांसाठी विमा कंपन्या माग काढणारे उपकरण बसवण्याची अट घालतात आणि खर्च वाढतो.

खरी परीक्षा तळाची

शेजारच्या ओंटारिओत जुनी गाडी नव्या मालकाच्या नावे रस्त्यावर आणण्यासाठी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. क्वेबेकमध्ये दोन व्यक्तींतील सामान्य हस्तांतरणासाठी अशी तपासणी सक्तीची नाही. म्हणून ती जबाबदारी खरेदीदारानेच उचलायची असते. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून पाहणे, हा या व्यवहारातील सर्वांत किफायतशीर खर्च होय.

रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने गाडीचा तळ आतून पोखरला जातो. वरचा रंग चकाकत असला तरी ब्रेकच्या धातूच्या नळ्या, चाकांमागची चौकट आणि दारांखालची पट्टी गंजलेली असू शकते. मेकॅनिकला नेमके हेच भाग दाखवण्यास सांगावे. दरवर्षी गंजरोधक फवारणी केल्याच्या पावत्या असतील तर ती गाडी दोन पावले पुढे समजावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, कारण गरम इंजिन अनेक दोष झाकते. क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. विक्रेता ते देत असेल तर टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक वाचावेत. 3519 म्हणजे 2019 च्या 35 व्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुनाट रबर हे सवलत म्हणून स्वीकारू नये.

खरेदीपूर्व तपासणीचा आग्रह या शहराला नवा नाही. फिल एडमन्स्टन यांनी 1968 मध्ये मॉन्ट्रियलमध्येच वाहनधारकांच्या संरक्षणासाठी एपीए ही संघटना उभी केली. पुढे त्यांची ‘लेमन-एड’ ही मार्गदर्शक पुस्तके देशभर वाचली गेली.

कोणाकडून, कोणत्या कागदावर

व्यापाऱ्याकडून घेतल्यास क्वेबेकचा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. गाडीवर किंमत, किलोमीटर, वर्ष आदी तपशिलांची चिठ्ठी लावणे व्यापाऱ्यास बंधनकारक आहे. जाहिरातीतील किमतीवर दोन विक्रीकरांखेरीज ‘प्रशासकीय आकार’ लावता येत नाही. सुस्थितीची हमी गाडीचे वय व किलोमीटर पाहून ठरते, फार जुन्या गाडीला ती मिळत नाही.

खासगी विक्रेत्याकडून किंमत कमी पडते, पण हा कायदा तेथे नसतो. लपलेल्या दोषाविरुद्ध नागरी संहितेचा आधार असतो, परंतु तोही एका ओळीने जाऊ शकतो. करारात ‘सां गारांती लेगाल’ असे शब्द आणि गाडी खरेदीदाराच्या जोखमीवर विकल्याचा उल्लेख असेल, तर पुढे दाद मागणे फार कठीण होते. फ्रेंच न समजणाऱ्याने एवढी ओळ तरी ओळखायला शिकावे.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात. नोंदणीपत्रावरील नाव व विक्रेत्याचे ओळखपत्र जुळले पाहिजे. गाडीचा 17 अक्षरांकांचा ओळख क्रमांक आरडीपीआरएम या सरकारी नोंदवहीत तपासावा, कारण आधीच्या मालकाचे तेथे नोंदलेले थकीत कर्ज गाडीसोबत नव्या मालकाकडे येते. अपघातांचा इतिहास काढून ती ‘व्हीजीए’, म्हणजे गंभीर अपघातग्रस्त, किंवा पुनर्बांधणी केलेली तर नाही ना, हे पाहावे.

खर्चाचा हिशेब

10,000 डॉलरची गाडी व्यापाऱ्याकडून घेतली तर 5 टक्के जीएसटी आणि 9.975 टक्के क्यूएसटी मिळून 1,497.50 डॉलर कर होतो. खासगी व्यवहारात जीएसटी नसतो आणि क्यूएसटी 997.50 डॉलर भरावा लागतो. मात्र किंमत बाजारभावापेक्षा संशयास्पद कमी दाखवल्यास कर अंदाजित मूल्यावर आकारला जातो. मुलाने आपली गाडी वडिलांना भेट दिली तर क्यूएसटी लागत नाही. घरातच सुस्थितीतील गाडी असेल, तर तिची हकीकत आधीच ठाऊक असते आणि कित्येकदा तीच उत्तम निवड ठरते.

एकूण रकमेचा काही भाग नेहमी राखून ठेवावा. 10,000 डॉलर हाती असतील तर आठ हजारांच्या आसपासची गाडी पाहावी. कर, विमा, नोंदणी, टायर आणि पहिल्या वर्षातील दुरुस्ती उरलेल्या रकमेतून भागवावी. जानेवारीत, उणे 20 अंशांत, आई दवाखान्यातून घरी निघालेली असताना गाडी सुरू झाली पाहिजे. खरेदीचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून पाहिला की किंमत, मॉडेल आणि रंग यांचे महत्त्व आपोआप योग्य प्रमाणात येते.